आधी वारकरी मोजा: पाणपक्षी गणनेला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

गणनेला नव्याने आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत हमखास एक प्रश्न विचारतो: "आज रोहित (फ्लेमिंगो) दिसतील का हो?" दिसले तर मोजू. तोवर समोर पाण्यावर ते काळे ठिपके दिसताहेत ना, ते मोजायला घ्या. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पोहताना प्रत्येक हिसक्याला मान पुढे. हा वारकरी. काही जण चांदवा म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांवर हिवाळ्यात याचीच गर्दी असते आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणी धड बघत नाही. गणनेत मात्र तुमची अर्धी सकाळ त्याच्यावर जाणार आहे, हे आधीच मनाशी पक्कं केलेलं बरं.

पक्षी बघायला जाणं वेगळं, मोजायला जाणं वेगळं. बघायला गेलेला माणूस दुर्मिळ पक्ष्याच्या मागे तलावाला अर्धा वळसा घालतो. मोजायला गेलेला जागेवर उभा राहून डावीकडून उजवीकडे दुर्बीण फिरवतो आणि समोर जे आहे ते, कंटाळवाणं असलं तरी, लिहून घेतो.

ही गणना म्हणजे नेमकं काय

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ साली भारतीय उपखंडात सुरू झाली आणि पुढे आशियाभर पसरली. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था तिचं काम पाहते. भारतात बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिच्याशी जोडलेली आहे. दरवर्षी जानेवारीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, स्वयंसेवक आपापल्या भागातल्या तलावांवर, धरणांवर, खाड्यांवर जातात आणि पाणपक्षी मोजतात. जानेवारीच का? तोवर उत्तरेकडून आलेले पाहुणे स्थिरावलेले असतात आणि परतीची घाई अजून सुरू झालेली नसते. पक्षी जागचे हलत नाहीत तेव्हाच मोजण्यात अर्थ असतो.

हिवाळी गणनेची कल्पना मुळात त्याहून जुनी. अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून पक्षी मारण्याची चढाओढ लागायची. त्याऐवजी पक्षी मोजू या, असं फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने सुचवलं आणि २५ डिसेंबर १९०० रोजी २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ती गणना आजही चालू आहे.

आकड्यांचं पुढे काय होतं, हाही प्रश्न येतो. एखाद्या पाणथळ जागेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, देताना जे निकष लावतात, त्यांतले दोन थेट मोजणीवर उभे आहेत: तिथे नियमितपणे २०,००० किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असणं, किंवा एखाद्या पक्ष्याच्या ठरावीक समूहातले किमान १ टक्का पक्षी तिथे नियमित येणं. मोजलेलंच नसेल तर सिद्ध कशाने करणार? आपल्याकडे नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी यांना हा दर्जा मिळाला आहे. तुमच्या गावच्या पाझर तलावाला तो मिळेल असं नाही. पण तलावावर भराव पडू लागला की मागच्या दहा जानेवाऱ्यांचे आकडे हातात असणं आणि नुसतं "इथं पूर्वी खूप पक्षी यायचे" म्हणणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

डिसेंबरमध्येच जागा ठरवा

आयत्या वेळी जाऊन गणना होत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीलाच आपल्या जिल्ह्यातल्या पक्षिमित्रांशी किंवा वनविभागाशी बोला. कुठला तलाव कुणाकडे आहे, कुठला मोकळा आहे, ते कळेल. जायकवाडी, नांदूर मधमेश्वर यांसारख्या अभयारण्यांत गणना परवानगीने आणि ठरलेल्या गटांतच होते, परस्पर जाऊ नका. माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिल्या वर्षी अशा नावाजलेल्या ठिकाणी जाऊही नये. तिथे जाणकारांची गर्दी असते, मोजणारे तेच असतात आणि तुम्ही नुसते "कुठे? कुठे?" करत राहता. घराजवळचा, दोन तासांत पूर्ण बघून होईल असा लहान तलाव घ्या. पुढची दहा वर्षं तिथे जाणं जमेल का, एवढंच स्वतःला विचारा.

गणनेच्या आठवडाभर आधी तिथे एक फेरी मारा. ही फेरी टाळणारे गणनेच्या दिवशी काट्याकुट्यांत वाट शोधत बसतात. फेरीत तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली, हद्द. कुठून कुठपर्यंतचं पाणी तुमचं? सांडव्याखालचं डबकं धरायचं की नाही? वरच्या ओढ्याचा भाग? जे ठरेल ते कागदावर नकाशा काढून लिहा आणि दरवर्षी तेच ठेवा. यंदा डबकं धरलं, पुढच्या वर्षी सोडलं, तर शेकाट्यांची संख्या घटल्यासारखी दिसेल. खरं तर घटलेली असते ती तुमची चाल.

दुसरी गोष्ट, उभं राहण्याच्या जागा, म्हणजे मोजणीचे बिंदू. लहान तलावाला दोन-तीन पुरतात. सकाळी ऊन तुमच्या पाठीवर हवं. समोरून ऊन आलं की पाणी चकाकतं आणि प्रत्येक बदक काळं दिसतं. म्हणजे सकाळच्या मोजणीसाठी पूर्वेचा काठ धरायचा आणि पश्चिमेकडे तोंड करायचं. शिवाय जागा शक्य तितकी उंच हवी. काठावर, पाण्याच्या पातळीला उभं राहिलं तर पुढच्या वारकऱ्याच्या आड मागचे चार लपतात. धरणाची भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळं.

तिसरी, खुणा. समोरच्या काठावर बाभूळ, पंपहाऊस, विजेचा खांब असं काही धरून पाण्याचे मनातल्या मनात भाग पाडा. "बाभळीपासून खांबापर्यंत माझं, खांबापासून भिंतीपर्यंत तुझं." त्याशिवाय दोघं मिळून एकच थवा दोनदा मोजतात.

जाता जाता गाळ कुठे आहे तेही बघून ठेवा. धरणाच्या फुगवट्याला पाणी ओसरलं की वरून वाळल्यासारखा, भेगाळलेला चिखल दिसतो. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. स्थानिक मच्छीमार जिथून चालतात तिथूनच चाला, आणि एकट्याने जाऊ नका.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८ × ४२ ची पुरते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवखे जास्त पटीच्या मागे लागतात, पण १० च्या वर हात स्थिर राहत नाही आणि दृश्यही अरुंद होतं. मोठ्या धरणावर स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, लागतो. तो गटात एक असला तरी भागतं.

आणि मोजायला? बोटात घालायचं जपाचं काउंटर. पूजेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. दुर्बिणीतून डोळा न काढता अंगठ्याने दाबत राहायचं. मी दोन वापरतो, उजव्या हातात वारकरी, डाव्या हातात बदकं. एकदा काठावर कपडे धूत असलेल्या आजी म्हणाल्या, "सकाळी सकाळी नाव घेताय, चांगलं आहे." मी वारकरीच मोजत होतो, त्यामुळे फार खोटं नव्हतं.

वही आणि पेन्सिल. पेन दवाने भिजलेल्या कागदावर लिहीत नाही आणि मोबाईलचा पडदा उन्हात दिसत नाही.

कुठले पक्षी ओळखता यायला हवेत

सगळे नव्हे. वीसेक ओळखता आले की तलावाचा बहुतेक भाग सुटतो. बगळ्यांपासून सुरुवात करा: राखी बगळा, जांभळा बगळा, लहान बगळा, गायबगळा, ढोकरी. मग पाणकावळे, शेकाट्या, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, खंड्या. टिटवी लिहायला लोक विसरतात, कारण ती घराशेजारीही ओरडते. पण तीही पाणथळीचीच. काठावरच्या म्हशींमागे फिरणारे गायबगळेही असेच राहून जातात.

बदकांना नवखे घाबरतात, पण त्यांची मराठी नावंच अर्धं काम करतात. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपका. थापट्याची चोच थापीसारखी पसरट. तलवार बदकाच्या नराची शेपटी लांब, टोकदार. चक्रवाक नारिंगी-तपकिरी, लांबूनही चुकत नाही. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात. हा हिमालय ओलांडून येतो आणि दिवसा बहुधा काठावर विसावलेला असतो, त्यामुळे मोजायला सोपा. जानेवारीत बहुतेक बदकांचे नर रंगात आलेले असतात, तेवढी सोय आहे. माद्या मात्र बऱ्याचशा तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या. त्यांच्या जवळ कुठला नर आहे ते बघा, चोचीचा आकार बघा, आणि तरी जमलं नाही तर "बदक, अनोळखी" असं लिहा.

हे "अनोळखी" लिहायला लाजू नका. चिखलावर दुडदुडणारे लहान तुतवार, टिलवे वगैरे तर भल्याभल्यांना चकवतात. "लहान चिखलपक्षी, अनोळखी: १४" ही उपयोगी नोंद आहे. अंदाजाने चिकटवलेलं नाव उपयोगाचं नाही, कारण ते चुकलंय हे पुढे कुणालाच कळत नाही.

घरी करायचा सराव

एक ताट घ्या, मूठभर मूग त्यात टाका, तीन सेकंद बघा आणि आकडा बोला. मग मोजा. पहिल्या दिवशी तुम्ही २०० मुगांना ९० म्हणाल. मोठा समूह दिसला की माणूस सहसा कमीच बोलतो. पाच-सहा दिवस हा खेळ केला की डोळा वळतो. घरच्यांनाही बसवा, पैज लावा. नंतर मूग भिजत टाका.

यातूनच थव्याची रीत शिकायची. आधी दहा दाणे नेमके मोजा. त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत ठेवा. मग तेवढाच तुकडा उरलेल्या ढिगावर मांडत जा: दहा, वीस, तीस. पाण्यावरही हेच. थवा मोठा असेल तर दहाऐवजी वीस किंवा पन्नासचा तुकडा. फक्त एक काळजी घ्या: थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो. दाट भागातून तुकडा घेऊन तोच कडेपर्यंत लावलात तर आकडा फुगतो. मधला आणि कडेचा, असे दोन वेगळे तुकडे घ्या.

मिश्र थवा असेल तर आधी एकूण संख्या काढा, समजा ६००. मग स्कोपमधून शंभर पक्षी एकेक करून बघा. त्यांत ६० थापट्या, ३० तलवार, १० हळदी-कुंकू निघाले, तर त्याच प्रमाणात ६०० वाटून टाका. बदकं आपापल्या जातीचा घोळका करून बसतात, म्हणून शंभर एकाच कोपऱ्यातून घेऊ नका. तीन ठिकाणाहून घ्या.

प्रत्यक्ष दिवस

उजाडताना पोहोचा. आल्या आल्या काठाकडे धावू नका. दुरूनच एकदा सगळ्या पाण्यावरून नजर फिरवा आणि जे सर्वांत आधी उडतील असे पक्षी आधी मोजा. चक्रवाक, पट्टकादंब, चित्रबलाक हे माणसाला लांबूनच कंटाळतात. वारकरी थांबतात, बगळे तर तुमच्याकडे बघतही नाहीत.

मग डावीकडून उजवीकडे, सावकाश. एक जण मोजतो, दुसरा लिहितो. मोजणाऱ्याने मोठ्याने बोलायचं, लिहिणाऱ्याने आकडा परत म्हणायचा. "वारकरी चाळीस." "चाळीस, लिहिलं." वेडेपणा वाटेल, पण "चौदा"चे "चाळीस" होतात ते याच ठिकाणी. लहान आकड्यांना चार उभ्या आणि एक आडवी रेघ, मोठ्यांना थेट आकडा. "भरपूर", "असंख्य", "थवा" हे शब्द वहीत दिसता कामा नयेत. अंदाज असेल तर आकड्यापुढे "अं" लिहा, नेमकी मोजणी असेल तर काही नको.

टिबुकल्यांची वेगळीच तऱ्हा. तुम्ही सातपर्यंत पोचता, तोवर तिसरी बुडी मारते आणि दहाव्याच्या जागी वर येते. उपाय एकच: तीन वेळा फेरी घ्या आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहा. बेरीज नाही, सरासरी नाही. पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या सुरयांनाही हेच लागू, एका वेळी हवेत जास्तीत जास्त किती दिसले तेवढे.

उडणाऱ्यांचं काय करायचं? थवा मोजून होण्याआधी उठला तर कुठल्या दिशेला गेला आणि कुठे उतरला ते लिहिणाऱ्याला ओरडून सांगा. हे मी स्वतः फटका खाऊन शिकलो. माझ्या दुसऱ्याच गणनेत लव्हाळ्याच्या बाजूचे सगळे वारकरी मोजून झाले होते, इतक्यात एक मार्श हॅरियर, पाणथळीवरचा शिकारी पक्षी, खालून उडत आला. आधी ते सगळे एकमेकांना चिकटून एकच काळी चटई झाले. मग पाण्यावर पाय आपटत, धावत, फडफडत सांडव्याकडे सरकले. मला तो गोंधळ बघण्यात इतका आनंद झाला की दुर्बीण खाली आलीच नाही, आणि दहा मिनिटांनी सांडव्याजवळचे "नवे" वारकरी मी तितक्याच आनंदाने मोजले. माझे ११०० झाले. पलीकडच्या काठावरच्या ताईंचे ६४०. त्यांनी वाद घातला नाही, फक्त विचारलं, "हॅरियर आला तेव्हा तुझं किती झालं होतं?" माझ्या वहीत त्याची काहीच नोंद नव्हती. फॉर्मवर ६४० च गेले.

दोघांचे आकडे असे फार लांब पडले तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, परत मोजा. थोडाफार फरक असेल तर ज्याला जास्त चांगलं दिसत होतं त्याचा घ्या.

फोटो नंतर काढा. पक्षी उडवून फोटो काढणाऱ्याला आमच्या गटात दुसऱ्या वर्षी बोलावत नाहीत. ड्रोन आणि मोबाईलवरचे पक्ष्यांचे आवाज तर मुळीच नकोत.

फॉर्मवरचे दुर्लक्षित रकाने

तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ढग, वारा हे सगळे भरतात. "किती भाग पाहिला" हा रकाना मात्र रिकामा राहतो. पूर्वेकडचा कोपरा जलपर्णीमुळे दिसलाच नाही, तर तसं लिहायलाच हवं. आणि तलावावर एकही पक्षी नसेल तरी फॉर्म भरा, शून्य लिहा. नुसतं न जाणं आणि जाऊन काही न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म आला नाही तर दोन्ही सारख्याच दिसतात.

सर्वांत महत्त्वाचा रकाना माझ्या मते पाण्याच्या पातळीचा. पावसाळा चांगला झाला की जानेवारीत धरणं काठोकाठ असतात. काठाला चिखल उघडा पडलेला नसतो, म्हणून तुतवार, टिलवे, शेकाटे कमी दिसतात. पाऊस कमी झाला की पाणी लवकर ओसरतं, गाळपेर सुरू होते, उघड्या चिखलावर पक्ष्यांची झुंबड उडते. पातळी न लिहिता नुसते आकडे दिले तर दुष्काळाचं वर्ष पक्ष्यांसाठी सुगीचं वाटेल. जवळच्या पंपहाऊसच्या कितव्या पायरीला पाणी आहे, एवढं लिहिलं तरी चालतं, दरवर्षी तीच पायरी धरा म्हणजे झालं.

धोक्यांचा रकानाही असतो. भराव, सांडपाणी, जाळी, शिकार, मोकाट कुत्री, जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. काठावर जाळं टाकणाऱ्याशी दोन शब्द बोला. "यंदा चित्रबलाक दिवाळीतच आले" ही माहिती तुम्हाला त्याच्याकडूनच मिळणार.

मेलेले पक्षी दिसले तर हात लावू नका. एखादा असेल तर नोंद करा. एकाच ठिकाणी बरेच असतील तर मोजणी थांबवून वनविभाग आणि पशुसंवर्धन विभागाला लगेच फोन करा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरात बॉट्युलिझमने, म्हणजे जिवाणूंच्या विषाने, हजारो पक्षी मेले. २०२० च्या डिसेंबरअखेर हिमाचलातल्या पाँग धरणावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी गेले, त्यांत बहुतांश पट्टकादंब होते.

त्याच संध्याकाळी

वही त्याच दिवशी उतरवा. दोन दिवसांनी "ढो ७/३" म्हणजे काय ते तुम्हालाही आठवणार नाही. गटातले सगळे बसून एकेक बिंदू वाचा, दोनदा मोजलेलं वगळा, मग एकूण काढा. पुढे फॉर्म भरायचा की ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं संकेतस्थळ) यादी टाकायची, ते तुमच्या समन्वयकाला विचारा. ईबर्डवर टाकलीत तर प्रत्येक पक्ष्यासमोर संख्या द्या. संख्येऐवजी नुसती फुली टाकायची सोय तिथे आहे, गणनेच्या दिवशी ती विसरा.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. माझ्या वहीत गेल्या जानेवारीच्या मागे असं आहे: "बिंदू २ समोरची बाभूळ तोडली. पुढच्या वेळी पंपहाऊसची पांढरी भिंत खूण धरणे. डावीकडची वाट गाळात गेली, बांधावरून जाणे. काउंटरला नवा सेल."